पुलावरचा विसरभोळा राजा

गुरुवार, ३ जानेवारी २००८
दुपारी ४ वाजून १० मिनिटे

ताई,

हे लिहायला बसलो तेव्हा एकशे चाळीस पुस्तकांच्या पाठींना खळ लावून ती दाबाखाली ठेवली होती. खळ वाळायला चाळीस मिनिटं लागतात. एरवी एवढ्या वेळात मी चहा पितो आणि उगाच काळजी करतो. आज पत्र लिहितोय.

बातमी अशी आहे. आमच्या छापखान्यातले मुद्रितशोधक काका मेअखेर निवृत्त होतायत. छापण्याआधी प्रत्येक पान वाचून चुका काढतात ते काका. गेल्या महिन्यात मी फर्म्यांना, म्हणजे छापून आलेल्या मोठ्या कागदांना, घड्या घालत होतो. एका शाळेच्या पुस्तकाच्या पहिल्याच पानावर लेखकाचं आडनाव चुकलेलं दिसलं. मशीन चालूच होतं. मी थांबवायला लावलं. मालक धावत आले.

"कोणी थांबवलं?"

"मी."

"तू बांधणीतला ना रे? तुला वाचायला कोणी सांगितलं?"

"वाचलं नाही, मालक. दिसलं."

काका मागे उभे होते. ते म्हणाले, "ज्याला न वाचता दिसतं, त्याला बसवा माझ्या खुर्चीत. मी सुखाने घरी जातो."

मालकांनी विचार केला आणि अट घातली. आपल्याकडे इंग्रजी शाळांची पुस्तकंही छापली जातात, म्हणून शाळेची शेवटची परीक्षा पास हवी. तुला माहीतच आहे, बाबांची पाठ गेली आणि मी आठवीतून शाळा सोडली. गेल्या वर्षी बाहेरून बसून बाकी सगळे विषय काढले. इंग्रजीत बावीस मार्क पडले. मार्चमध्ये परत परीक्षा आहे. अर्जाची शेवटची तारीख १५ फेब्रुवारी.

आता मुख्य गोष्ट. जुन्या ट्रंकेत आपली खेळाची वही सापडली!

मामाने टायपिंगच्या दुकानासाठी जुना कॉम्प्युटर घेतला होता. त्याबरोबर बुटांच्या खोक्यात फ्लॉप्या आल्या होत्या. मामा म्हणाला, "यातल्या एकीत बिलांचा प्रोग्राम आहे, शोधा." आपण एकेक फ्लॉपी घालत गेलो. अकरावी घातली आणि पडदा काळा झाला. मग कोणी दातांतून शीळ घालावी तसं संगीत सुरू झालं. चौकोनाचौकोनांचा पूल दिसला. पुलावर पांढऱ्या दाढीचा म्हातारा, खाली इंग्रजी ओळ. मी नऊ वर्षांचा होतो, मला अक्षरं येत होती पण सुटीसुटी. मी विचारलं, "काय म्हणतोय गं?" तू तेरा वर्षांची. तू जरा थांबलीस, मग सांगितलंस, "म्हणतोय, मी इथला राजा होतो. पण मला माझं नावच आठवत नाही. पाच नाणी दे, त्यांवरचा चेहरा बघून आठवेल."

माझ्या अंगावर काटा आला होता. आत्ता लिहितानाही आला.

तेव्हापासून दोन सुट्या मी डाव्या पानावर पडद्यावरची इंग्रजी ओळ चित्रासारखी उतरवून घ्यायचो आणि उजव्या पानावर तू सांगायचीस तो अर्थ. एकूण एकशे बारा ओळी आहेत, मोजल्या. यापेक्षा चांगलं गाइड बाजारात मिळणार नाही. मी डावी ओळ घेतो, शब्दकोश घेऊन अर्थ लावतो, मग उजवं पान उघडून ताडून बघतो.

अडचण एकच. माझी एकही ओळ तुझ्याशी जुळत नाही.

पहिलीच ओळ घे. 'पे फाइव्ह कॉइन्स टु क्रॉस द ब्रिज.' माझं आलं: पूल ओलांडायला पाच नाणी द्या. पाच नाणी बरोबर आली. पण राजा कुठे गेला? माझं कुठे चुकतंय ते सवडीने कळव. फोन नको, छापखान्यातला फोन मालकांच्या टेबलावर आहे आणि तिथे मला शब्द सुचत नाहीत.

खळ वाळली. थांबतो.

तुझा भाऊ


शुक्रवार, ११ जानेवारी
दवाखान्याच्या कँटीनमधून

स्वल्पविरामा,

लहानपणी तू दर तीन शब्दांनी थांबून "बरोबर आहे ना?" विचारायचास म्हणून मी हे नाव ठेवलं. तू कितीही मोठ्या खुर्चीत बसलास तरी ते बदलणार नाही.

तू मशीन थांबवलंस? तू? दुकानदाराने सुटे पैसे कमी दिले तर "असू दे" म्हणून यायचास आणि मग तीन दिवस झुरत बसायचास, तो तू? मी शेजारच्या नर्सला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "असा एक माणूस आमच्या औषधांच्या खोलीत पाठवा."

आणि ती वही! अरे, मला वाटलं रद्दीत गेली. मला अजून आठवतंय, दुकानात एकच स्टूल होतं. त्यावर आपण दोघं अर्धे अर्धे बसायचो, तुझा बाहेरचा पाय सारखा घसरायचा. बाहेरून मामाची हाक यायची, "बिलं सापडली का?" आणि तू, जो उभ्या जन्मात खोटं बोलला नाहीस, तो ओरडायचास, "सापडतायत, मामा!" आपली चौघांची टोळी होती. उंच काठीवाली मी, कंदीलवाला बुटका तू, पोटवाल्याला आपण मामाचं नाव दिलं होतं. चौथं गाढव. त्याचं नाव ठेवायला तू अर्धा तास घेतलास आणि शेवटी 'गाढव'च ठेवलंस.

अर्थाचं म्हणशील तर घाबरू नकोस. भाषांतर शब्दाला शब्द नसतं रे. बोलणाऱ्याच्या मनात काय आहे ते बघायचं असतं. त्याला भावार्थ म्हणतात. शिवाय खेळातलं इंग्रजी जुन्या वळणाचं होतं.

एक कर, ती वही मला पाठवून दे. मी सवडीने बघते. तू बाजारातलं एखादं साधं गाइड घे.

इथे काम भरपूर. पेशंट एका भाषेत कण्हतात, डॉक्टर दुसऱ्या भाषेत रागावतात, मी मध्ये उभी. काल एका आजींनी डॉक्टरांना दिलेली शिवीसुद्धा मला जशीच्या तशी सांगावी लागली. दुभाष्याचं कामच ते.

अभ्यास कर. जेवत जा.

ताई


शनिवार, १९ जानेवारी
सकाळी ७ वाजून २० मिनिटे, छापखान्याच्या पायरीवर, किल्लीवाला यायचाय

ताई,

भावार्थाचं पटलं. कुणी मला हे आधी सांगितलं असतं तर गेल्या वर्षीच सुटलो असतो. मी आता नियम करून घेतलाय. आधी शब्दकोश बघायचा, मग डोळे मिटून बोलणाऱ्याच्या मनात काय असेल ते शोधायचं, मग लिहायचं.

तरी तीन ठिकाणी अडलोय.

पहिलं, गाढवाच्या पाठीवरची पोती. त्यांवर 'सॉल्ट' लिहिलेलं होतं. तू सांगितलं होतंस की पोत्यांत राणीची वाळलेली आसवं आहेत आणि ती सात किल्ल्यांवर पोचवायची आहेत. शब्दकोशात सॉल्ट म्हणजे मीठ. आसवं खारट असतात हे मान्य. पण कोशात आसवं कुठेच नाहीत. मला वाटलं माझा कोश लहान आहे, म्हणून मोठा घेतला. त्यातही नाहीत.

दुसरं, हिरव्या लुगड्यातली बाई. 'व्हॉट डु यू वाँट टु बाय?' माझं: तुम्हाला काय विकत घ्यायचंय? तुझं: मी सात वर्षं समुद्राखाली होते, वर आले तर मला ओळखणारं कोणी उरलं नाही. ताई, ही ओळ मी अकरा वेळा वाचली. बाईच्या मनात एवढं सगळं आहे हे तुला कशावरून कळलं? तिच्या मागे फळीवर दोऱ्या आणि कंदील टांगलेले होते, त्यावरून का?

तिसरं, 'डु यू रिअली वाँट टु क्विट?' तुझं: मला असं अर्ध्यावर टाकून तुम्ही खरंच जाणार? हे बरंचसं जुळतं! फक्त कोण विचारतंय ते कळत नाही. लहानपणी हे विचारलं की मला रडू फुटायचं आणि मी 'नाही' दाबायचो. म्हणून तो कॉम्प्युटर कधी नीट बंद झालाच नाही. शेवटी मामा येऊन बटण ओढायचा.

वही पाठवू शकत नाही, रागावू नकोस. तिची शिवण मी परवाच नव्याने घातलीय, कापडी पाठ लावलीय. रोज रात्री जेवणाआधी पाच ओळी करतो. आजवर पन्नास झाल्या, सगळ्या चूक. पण मी सोडणार नाही.

पुलावरून आठवलं, तुझ्या लक्षात आहे का, आपण दुसऱ्या किल्ल्याच्या पुढे कधी गेलोच नाही? कारण राजाला पाच नाणी दिली की मला वाटायचं, अजून पाच दिली तर बिचाऱ्याला नाव आठवेल. म्हणून मी परत पूल ओलांडून मागे यायचो आणि पुन्हा द्यायचो. वहीत नोंद आहे, एकूण तेवीस वेळा. मग सामानाला पैसेच उरायचे नाहीत. तू कधी मला अडवलं नाहीस.

किल्लीवाला आला.

तुझा भाऊ


रविवार, २७ जानेवारी

स्वल्पविरामा,

ड्यूटीवर ड्यूटी आहे, म्हणून थोडक्यात. ती वही बाजूला ठेव. आजच. का ते आत्ता विचारू नकोस. वर्तमानपत्र वाच, औषधाच्या बाटलीवरची सूचना वाच, काहीही वाच, पण ती वही नको.

मोठा शब्दकोश कितीला पडला? मी पैसे पाठवते.

ताई


शनिवार, ९ फेब्रुवारी
संध्याकाळी ५ वाजून ५० मिनिटे, हात धुऊन बसलोय

ताई,

तुझं पत्र वाचलं आणि समजलो. वही माझ्या आवाक्याबाहेरची आहे हे तुला माझ्या पहिल्या पत्रावरूनच कळलं असेल. तू सरळ म्हणाली नाहीस, तो तुझा चांगुलपणा. काल त्याचा पुरावाही मिळाला.

संध्याकाळच्या शिकवणीत बाईंनी सराव परीक्षा घेतली. भाषांतराला उतारा होता. आत्ता शब्दकोशाप्रमाणे त्याचा अर्थ लावला तर असा येतो: आमच्या गल्लीतलं दुकान सकाळी नऊला उघडतं. दुकानदार नीट तोलून माल देतो. रविवारी दुकान बंद असतं. पेपरातही पहिल्यांदा मला हेच सुचलं होतं. पण मी स्वतःला म्हटलं, थांब, हे फार सोपं आहे, म्हणजे नक्की चूक असणार. मग तुझ्या रीतीने डोळे मिटले आणि लिहिलं:

'एक माणूस रोज नऊ वाजल्यापासून कुणाची तरी वाट बघतो. तो आपलं दुःख तोलूनमापून सांगतो. रविवारी मात्र तो कुणाशीच बोलत नाही.'

दहापैकी शून्य. बाईंनी लाल शाईने लिहिलंय, 'लिहिलंस सुंदर. पण हा कुठला उतारा?' वर्ग सुटल्यावर थांबवून विचारलं, "असं कोणी शिकवलं रे तुला?" मी तुझं नाव सांगितलं नाही.

तुझी काही चूक नाही. तू तेराव्या वर्षी जे बघताक्षणी वाचायचीस ते मला बाविसाव्या वर्षी दोन शब्दकोश घेऊन जमत नाही. डोकं असावं लागतं. आज काकांना सांगितलं, खुर्चीसाठी दुसरा माणूस बघा.

काका म्हणाले, "अर्ज तर भर. नापास झालास तर झालास."

मी म्हटलं, "अर्ज न भरता नापास होणं स्वस्त पडतं."

ते हसले नाहीत. मीही नाही.

पंधरा तारखेला मी दिवसभर कापणीच्या मशीनवर काम घेतलंय, म्हणजे तारखेकडे लक्ष जाणार नाही. एरवी मी बरा आहे.

तुझा भाऊ


शनिवार, १६ फेब्रुवारी
जलद टपालाने

स्वल्पविरामा,

उभा असशील तर बस.

मला तेव्हा इंग्रजी येत नव्हतं.

अजिबात नाही. ती फ्लॉपी सापडली त्याच आठवड्यात माझा सहामाहीचा पेपर आला होता. शंभरपैकी अकरा. तो मी घडी करून मोज्यात लपवला होता, आणि तुझ्याशेजारी स्टुलावर बसले होते तेव्हाही तो टोचत होता. आणि मामा बाहेर गिऱ्हाइकांना सांगत होता, "आमची मुलगी इंग्रजी फाडफाड वाचते." तेवढ्यात तू विचारलंस, "काय म्हणतोय गं?" आणि असा बघत राहिलास की जणू तो म्हातारा मलाच ओळखतो.

मला 'फाइव्ह' येत होतं. नाण्यांचं चित्र दिसत होतं. आणि खेळ सुरू व्हायच्या आधी पडद्यावर 'नॉट इनफ मेमरी' असं येऊन गेलं होतं. मेमरी म्हणजे आठवण हे मला कुठून तरी ठाऊक होतं. झालं, एवढ्या भांडवलावर मी राजा उभा केला. वाटलं, एकदाच थाप मारू. पण तू दुसऱ्या दिवशी वही घेऊन आलास! समास आखून! मग मागे कसं जाणार? मी दुपारी सगळे झोपले की बसून दुसऱ्या दिवशीची थाप तयार करायचे. तू मागचं सगळं लिहून ठेवलेलं, एक शब्द इकडचा तिकडे झाला की धरायचास. समुद्राखालची बाई सुचायला मला दोन दिवस लागले होते.

पुलावर तू मागे जाऊन परत परत पैसे द्यायचास, तेव्हा मी अडवलं नाही कारण पैसे संपले की आपण पुढे जायचो नाही. पुढे न गेलो की नवीन ओळी यायच्या नाहीत. तुझ्या दयेवर मी दोन सुट्या काढल्या.

मग मी हट्टाने इंग्रजी शिकले. तो म्हातारा खरं काय म्हणतो ते मला कळायला हवं होतं. पाच वर्षांनी कळलं. मीठ आणि पुलावरचा कर. मला हसू आलं आणि रडूही. तुला सांगावंसं वाटलं, पण तोवर तू छापखान्यात लागला होतास, आणि आपली भेट झाली की आधी विचारायचास, "राजा आठवतो का?"

आता या महिन्याचं. दवाखान्यात मी डॉक्टरांच्या तोंडचं एक अक्षर बदलत नाही. आणि तुला पत्रात भावार्थ शिकवला, जुन्या वळणाचं इंग्रजी सांगितलं, कारण सव्वीस वर्षांच्या बाईला तुझ्यापुढे अकरा मार्क उघडे करायची लाज वाटली. तू बाईंना माझं नाव सांगितलं नाहीस. ती ओळ वाचून मी चादरी ठेवतात त्या खोलीत जाऊन बसले.

आता नीट ऐक. उजवी पानं पुठ्ठ्याने झाक. डावी ओळ आणि तू केलेलं भाषांतर, एवढंच बाईंकडे घेऊन जा. माझ्या नजरेला तुझी तीनही उदाहरणं तंतोतंत बरोबर आहेत. दुकानाच्या उताऱ्याचंही तुला पहिलं सुचलं तेच बरोबर होतं.

मी परीक्षा कार्यालयाला इथून फोन केला. एकोणतीस तारखेपर्यंत विलंब शुल्क भरून अर्ज घेतात. शुल्क साठ. मनिऑर्डर केलीय. ते उसने नाहीत, माझा दंड आहे.

रागाव, पण अर्ज भरल्यावर रागाव.

ताई


गुरुवार, २१ फेब्रुवारी
दुपारी १२ वाजून ३५ मिनिटे, जेवणाचा डबा न उघडता

ताई,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा उभ्याने, कारण तू बस म्हणतेस ते वाचेपर्यंत मी पुढच्या ओळीवर गेलो होतो. दुसऱ्यांदा बसून. मग मला राग आला. अकरा मिनिटं टिकला, घड्याळ समोरच आहे.

माझी समुद्राखालची बाई दोऱ्या आणि कंदील विकत होती! आणि मी एका कर घेणाऱ्या नाकेवाल्याला तेवीस वेळा दान दिलं. तो घरी जाऊन बायकोला सांगत असेल, "आज परत आला तो कंदीलवाला, नको म्हटलं तरी देतो."

काल संध्याकाळी उजवी पानं झाकून वही बाईंकडे नेली. त्यांनी एकशे बारा ओळी तपासल्या, सव्वा तास लागला. अठ्ठ्याण्णव बरोबर. नऊ अर्ध्या. पाच चूक. म्हणजे ताई, जानेवारीपासून मी रोज बरोबर लिहीत होतो आणि रोज स्वतःला फुली मारत होतो. मी बाईंना खरा प्रकार सांगितला (आता नाव सांगायला हरकत नव्हती). त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून ठेवावा लागला. मग म्हणाल्या, "तुझ्या बहिणीला म्हणावं, पेपरला बसू नका, पण लिहीत जा."

आज सकाळी काकांना सांगितलं. काका म्हणाले, "बाळा, प्रुफं तपासताना सगळ्यात आधी काय विचारायचं? मूळ प्रत कुठली. तू तपासत बसलास उत्साहाने, पण मूळ प्रत समजलास भलतीलाच." मग स्वतःच्या ड्रॉवरमधून लाल पेन्सिल काढून दिली. "अर्जावर टिंब राहिलं असेल तर बघ."

अर्ज भरला. नऊ वाजून चाळीस मिनिटांनी खिडकी उघडली, मी तिसरा होतो. पावती मिळाली. कारकुनाने माझं आडनाव चुकवलं होतं, मी दुरुस्त करून घेतलं. तो म्हणाला, "चालतं हो एवढं." मी म्हटलं, "नाही चालत." ताई, आवाज थरथरला नाही.

एक सांग. राजाचं नाव काय होतं? तू सांगणार होतीस त्या दिवशी मामाने बटण ओढलं, आणि मग सुटी संपली.

तुझा भाऊ


रविवार, २ मार्च

स्वल्पविरामा,

नाव मला माहीत नाही. मामाने बटण ओढलं तेव्हा माझ्या जिवात जीव आला होता, कारण त्या दिवशी दुपारी गल्लीतल्या मुलींनी मला लंगडी खेळायला ओढून नेलं होतं आणि काही म्हणजे काही तयार नव्हतं.

तू शोध. आता तुला वाचता येतं आणि मला थापा मारायला फुरसत नाही.

बाईंचा निरोप मिळाला. इथे मुलांच्या वॉर्डात एक मुलगी आहे, पाय प्लास्टरमध्ये, दिवसभर भिंतीकडे बघते. डॉक्टर येईपर्यंत मला वीस मिनिटं मोकळी असतात. काल तिला सांगितलं की भिंतीवरचा ओलाव्याचा डाग एका विसरभोळ्या माणसाचा आहे. ती म्हणाली, "मग?" तीच नजर रे. आता माझी पंचाईत झालीय, उद्याचं तयार करायला हवं.

परीक्षेला जाताना दोन पेनं, घड्याळ, पाण्याची बाटली. भावार्थ घरी ठेवून जा.

ताई


सोमवार, २ जून २००८
सकाळी ९ वाजून ५ मिनिटे

ताई,

हे लिहायला बसलो तेव्हा मी खिडकीजवळच्या टेबलावर लाल पेन्सिलीला टोक काढत होतो. टेबल माझं आहे. निकाल शनिवारी दुपारी लागला, इंग्रजीत त्रेसष्ट. यादीत माझा क्रमांक मी चार वेळा वाचला, मग शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला वाचायला लावला. मालक म्हणाले, "सोमवारपासून वर बस." काका म्हणाले, "खुर्चीचा डावा पाय डुगडुगतो, खाली पुठ्ठा घाल. पुठ्ठा तुला मी काय शिकवणार."

पेपरात उतारा आला होता तो एका म्हाताऱ्या माळ्याबद्दल होता. त्याला रोपांची नावं आठवत नाहीत म्हणून तो पाट्या लावून ठेवतो. दोनदा तपासलं, म्हातारा खरोखर तिथे लिहिलेला होता, माझ्या मनचा नव्हता. मग जे होतं तेवढंच लिहिलं. एक शब्द जास्त नाही.

काल मामाकडे गेलो. कॉम्प्युटर अजून आहे, दुकानाच्या मागच्या खोलीत, प्लास्टिकखाली. मामाला म्हटलं, सुरू करू का? तो म्हणाला, "कर बाबा. तेरा वर्षं झाली, बिलं सापडली तर सांग." स्टूलही तेच. एकट्याला ते फार मोठं वाटतं.

पुलावर पाच नाणी दिली आणि सरळ पुढे गेलो. मागे वळायला बोटं शिवशिवत होती, पण नाही वळलो. हिरव्या बाईकडून दोर घेतला, नीट भावात. चार तासांत सातही किल्ल्यांवर मीठ पोचलं. शेवटी पडद्यावर आलं, खेळल्याबद्दल धन्यवाद, आणि बनवणाऱ्यांची नावं. सगळी वाचली. एका नावात अक्षर राहिलंय असं मला वाटतं.

खेळ चांगला आहे. हिशेब सचोटीचा आहे, कोणाला फसवत नाही. पण ताई, खरं सांगू, सातव्या किल्ल्यावर पोती उतरवली तेव्हा मला काहीच वाटलं नाही. मीठ ते मीठ. आपण दुसऱ्या किल्ल्यापाशी अडकून बसायचो तेव्हा मला जेवण गोड लागायचं नाही. वॉर्डातल्या मुलीला मध्येच सोडू नकोस. ती घरी गेली असेल तर तिला पत्राने पुढचं कळव.

समोर पहिलं काम येऊन पडलंय, तिसरीचं इंग्रजी पुस्तक, छप्पन्न पानं. पहिल्याच पानावर दोन चुका दिसतायत. म्हणून आता हिशेब लिहून थांबतो.

परीक्षेचा खर्च: अर्ज एकशे दहा. लहान शब्दकोश पंचेचाळीस. मोठा शब्दकोश एकशे ऐंशी (आसवं शोधायला घेतला, पण उपयोगी पडला). शिकवणी तीन महिने, दोनशे सत्तर. पेनं दोन, बारा. टपाल तेवीस. एकूण सहाशे चाळीस. सगळे चुकते.

विलंब शुल्क साठ, ताईने भरले. ताई त्याला दंड म्हणते. या टेबलावर बसून तपासलं, नोंद चूक आहे. दुरुस्त नोंद: देणे साठ, नव्या पगारातून, जूनअखेर.

तुझा भाऊ